तीन नंबर टेबल

आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी नवीन येतं आणि तोच प्रश्न विचारतं, "मालिकेवरच्या कथा वाचायच्या आहेत, कुणापासून सुरुवात करू?" लगेच पंधरा जणी पंधरा नावं सुचवतात. त्यातल्या निम्म्या स्वतःचंच सुचवतात. मी मात्र गेली तीन वर्षं एकच नाव सांगत आले आहे, 'तीन नंबर टेबल'. या शिफारशीपायी मी एकदा जो घोळ घालून ठेवला तो बघता मला शिफारस करायला कायमची बंदी घालायला हवी. पण शिक्षिकेचं तोंड असं सहजासहजी बंद राहत नाही. म्हणून या वेळी नुसतं नाव न सांगता ही बाई आहे कोण, तेही सांगते. माणसांची नावं बदलली आहेत. तेवढी अक्कल आता आली आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोज संध्याकाळी साडेसातला एक मालिका लागते. तिचं नाव घेत नाही. तुम्ही बघत असाल तर ओळखालच, आणि बघत नसाल तर बघत नसल्याचं चारचौघांत सांगत असाल. तिच्यात एक प्रचंड बंगला आहे, यशवर्धन आणि कौमुदी नावाचं जोडपं आहे, आईसाहेब नावाच्या सासूबाई आहेत आणि झोपतानाही अंगावरून न उतरणारे दागिने आहेत. मालिकेनं जिथं माती खाल्ली तिथून पात्रं उचलायची आणि आपल्या मनासारखी गोष्ट लिहून ग्रुपवर टाकायची, याला फॅन फिक्शन म्हणतात. आमचे हे याला रिकामटेकडेपणा म्हणतात. मी शाळेत मराठी शिकवते. वर्गात मुलांना अभिजात साहित्याची थोरवी सांगते आणि मधल्या सुट्टीत यशवर्धननं कौमुदीचा हात नेमका कोणत्या भागात धरला यावर वाद घालते.

यशवर्धनला गार्गी नावाची एक बहीण होती. तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, आईसाहेबांनी "तू आम्हाला मेलीस" म्हणून दार लावलं, आणि गार्गीचं काम करणारी मुलगी दुसऱ्या मालिकेत निघून गेली. झालं. त्या दिवसापासून गार्गी त्या घरात जन्मलीच नव्हती. भिंतीवरच्या फोटोतूनही ती गेली. आम्ही ग्रुपवर कौमुदीच्या नव्या मंगळसूत्राची चर्चा करत होतो. तेवढ्यात 'तीन नंबर टेबल' या नावानं एक कथा आली. कथेत एवढंच होतं की दार लावल्यावर घरात सवयीनं पाच ताटं मांडली जातात. चौघं जेवतात. पाचवं ताट उचलायला कुणी तयार होत नाही. शेवटी मोलकरीण ते उचलते, आणि त्यातली भाजी पातेल्यात परत न ओतता डब्यात काढून झाकून ठेवते. संपली कथा. मी मेथी निवडत होते, ती तशीच राहिली. मी डोळे पुसले आणि मग शुद्धलेखनाच्या अकरा चुका मोजल्या.

ही लेखिका कोण, यावर ग्रुपचं एकमत होतं. 'तीन नंबर टेबल' म्हणजे पुण्यातल्या कुठल्यातरी कॅफेतलं कोपऱ्यातलं टेबल. ती तिथं बसते, काचेतून रस्त्याकडे बघते, समोरची कॉफी गार होत जाते. एकीनं तिचं चित्रही काढलं होतं, मोकळे केस, गोल चष्मा, हातात पेन. तिच्या शैलीवरही भरपूर लिहून झालं. काही भाग नुसते संवादांचे असायचे, दोन माणसं समोरासमोर उभी राहून बोलतायत आणि थांबतच नाहीत. काही भागांत कुणी एक अक्षर बोलायचं नाही, एकटं माणूस आपल्याशीच विचार करत बसायचं. "संवाद आणि मौन यांची ही आंदोलनं लेखिकेनं अत्यंत जाणीवपूर्वक योजलेली आहेत," असं एका व्यासंगी वाचकानं लिहिलं. ती व्यासंगी वाचक मी.

एक दिवस मला निरोप आला. "नमस्कार टीचर. तुम्ही ग्रुपवर सगळ्यांच्या चुका काढता. माझ्यापण काढा, पण टाकायच्या आधी. मी तेलुगू शाळेत शिकलेली आहे." मी विचारलं, कुठं असता? "सोलापूर." मी उडालेच. मीही सोलापूरचीच, सात रस्ता चौकापासून दहा मिनिटांवर राहते. सोलापुरात कुठं? उत्तर आलं, "अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलचा कारखाना. फोल्डिंग खातं, तीन नंबर टेबल." पुण्यातला कॅफे त्या क्षणी जमीनदोस्त झाला. ग्रुपवर मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण चित्र काढणारी फार हळवी आहे.

पहिल्यांदा आम्ही सोलापुरातल्याच नवी पेठेत, बाजारात भेटलो. राजमणीअक्का बुटक्या, पन्नाशी ओलांडलेल्या, केसांत अबोलीचा गजरा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी त्यांनी माझ्या साडीचा पदर हातात घेतला आणि उलटा केला. मी संकोचले.

"उलट बाजू बघायची, बाई," त्या म्हणाल्या. "सुलट सगळेच चांगली करतेत की."

माझा पदर पास झाला असावा, कारण त्यांनी तो सोडला. पुढं एका दुकानासमोर टॉवेल टांगले होते. अक्कांनी त्यातला एक उजेडाकडे धरला, त्यावरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. "हितं बघ. दोरा सुटलाय, तसाच पुढं विणलाय." दुकानदार रडकुंडीला आला. "अक्का, गिऱ्हाईकासमोर नको की हो!" तो त्यांना ओळखत होता. नवी पेठेतले बरेच जण त्यांना ओळखत होते आणि त्यांना येताना बघून काही जण टॉवेल आत घेत होते, अशी माझी शंका आहे.

मालिकासुद्धा त्या अशाच बघत. आपण रडतो, चिडतो, त्या तपासत. "गार्गीचा दोरा सोडून पुढं विणत गेलेत, बाई. भोक दिसायलंय की एवढं मोठं. आणि सगळे मंगळसूत्र बघत बसलेत." मी मान खाली घातली. दुसरा त्यांचा आक्षेप जेवणाबद्दल होता. त्या बंगल्यात सारखी जेवणाची टेबलं मांडतात, पण कुणी घास घ्यायच्या आत भांडण होतं आणि सगळे उठून जातात. "एवढी वर्षं झाली, आईसाहेब जेवल्याच नाहीत. माणूस जगंल का?" त्यामुळे अक्कांच्या कथांत सगळे पोटभर जेवतात. करोडपती यशवर्धन वरणात कडक भाकरी चुरून खातो, वर शेंगाचटणी. ठाण्याच्या एका वाचक बाईंनी विचारलं होतं की यशवर्धनच्या दातांना काही होत नाही का.

मग एकदा मी कारखान्यात गेले आणि माझी सगळी समीक्षा तिथं फोल्डिंग खात्यात कोसळली. तीन नंबरच्या टेबलाला चौघी असतात. अक्का माल उजेडात धरून तपासतात. शमीम सुटे दोरे कातरते. सुगलाबाई घडी घालतात. नरसम्मा शेवटी मोजून गठ्ठ्यात बांधते. हात कामात, तोंड मोकळं. अक्का आदल्या दिवशीची मालिका सांगतात आणि पाठोपाठ ती कशी व्हायला पाहिजे होती ते सांगतात. कथा आधी तिथं घडते. ग्रुपवर येते ती नंतर, घरी जाऊन टाइप केल्यावर. आणि संवाद-मौनाची ती आंदोलनं? डबलबेडची मोठी चादर असली की घडी घालायला दोघी लागतात. दोघी चार कोपरे धरून समोरासमोर चालत येतात, परत मागं जातात, परत येतात. त्या दिवशी कथेत माणसं समोरासमोर बोलतात. नॅपकिनची ऑर्डर असली की जी ती आपल्यापुरती, खाली मान घालून. त्या दिवशी कथेत मौन. मी घरी आले आणि माझा तो व्यासंगी अभिप्राय गुपचूप काढून टाकला.

त्या टेबलाचा एक नियम होता. माल चौघींच्या हातांतून जातो. एकीलाही दोष दिसला तर ती तो मागं सरकवते आणि तो पुन्हा पहिल्यापासून येतो. चौघींचा हात लागल्याशिवाय गठ्ठ्यात काही जायचं नाही. कथेलाही हाच नियम. भाग सांगून झाला की प्रत्येकीनं 'सरे' म्हणायचं, तेलुगूत सरे म्हणजे ठीक आहे. चार वेळा सरे झालं तरच अक्का घरी जाऊन लिहायच्या. शमीमचा डोळा प्रेमाच्या प्रसंगांवर. "हाथ पकडे ना? बस है. आगे नक्को, घर में लडकियां पढते." म्हणून अक्कांचा यशवर्धन अजून हाताच्या पुढं गेलेला नाही. सुगलाबाई माहेरच्या मेंढरंवाल्या. त्यांना कौमुदीचा रिकामेपणा सोसेना. "एवढी धडधाकट बाई, सैपाक न्हाय, धुणं न्हाय, दिसभर करती काय वो?" त्यावर अक्कांनी कौमुदीला बंगल्याच्या मागं चार शेळ्या घेऊन दिल्या. ग्रुपवर त्या शेळ्यांना स्त्रीमुक्तीचं प्रतीक ठरवण्यात आलं. सुगलाबाईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "असू द्या की. पर दूध कोण काढतंय ते लिवा म्हणावं."

नरसम्मा सहसा बोलायची नाही. ती भाग मागं सरकवायची तो फक्त गार्गीचा.

आता जे सांगते ते मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे माझा गाढवपणा तुम्हाला नीट मोजता येईल. नरसम्माला एक मुलगी आहे, सुजाता. सात वर्षांपूर्वी तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि जवळच्याच मोहोळला राहायला गेली. नरसम्मानं दार लावलं आणि गल्लीत सांगून टाकलं की मला मुलगी नाही. तेव्हापासून ती एकटी राहते. अक्का तिच्या शेजारी. सुजाता त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. सात वर्षांत टेबलावर सुजाताचं नाव एकदाही निघालं नव्हतं. गार्गीचं मात्र रोज निघायचं. हजारो वाचक-बिचक आम्ही नंतरचे. अक्का ही गोष्ट एका बाईसाठी सांगत होत्या, आणि ती बाई टेबलाच्या शेवटच्या टोकाला गठ्ठे बांधत उभी होती. गार्गीनं घरात पाऊल टाकलं आणि नरसम्मा सरे म्हणाली, की अक्कांचं काम झालं.

ते सोपं नव्हतं. अक्कांनी गार्गीला परतीच्या एसटीत बसवलं, त्याला नरसम्मानं हरकत घेतली नाही. एसटी सोलापूर स्टँडवर आली, तेही चाललं. (बंगला कुठल्या गावात आहे हे मालिकेनं कधी सांगितलं नव्हतं. अक्कांनी तो परस्पर सोलापुरात आणला.) पण घराच्या दिशेनं गार्गी वळली रे वळली की नरसम्मा म्हणायची, "नाही. अजून नाही." आणि भाग मागं. मग अक्का तिला दुसरीकडेच न्यायच्या. सात रस्त्यावर गार्गी सहा भाग उभी होती. रिक्षा येत होत्या, जात होत्या. पुढं तिनं नवी पेठेत आईसाठी साडी बघितली, त्यात तीन भाग गेले, घेतली नाहीच. ग्रुप वैतागला. एकानं लिहिलं, "गार्गी चालत निघाली असती तरी एव्हाना हैदराबादला पोचली असती." मी ठामपणे उत्तर दिलं की हे अंतर मानसिक आहे. आयुष्यात मी अंदाजानं बोललेल्या गोष्टींपैकी ही एक खरी निघाली.

आता माझा पराक्रम. भाग तयार झाला की अक्का मला शुद्धलेखनासाठी पाठवायच्या आणि खाली शेरा मारायच्या. "शमीम सरे. सुगलाबाई सरे. नरसम्मा सरे." त्या दिवशी आलेल्या भागात गार्गी दारात होती. ती दार वाजवते. आईसाहेब दार उघडतात, बोलत नाहीत, रडतात, तिला मिठीत घेतात. खाली शेरा होता, "नरसम्मा बाकी." हाच भाग दोन महिन्यांत चौथ्यांदा माझ्याकडे आला होता, दर वेळी दोन-चार ओळी बदलून, आणि दर वेळी नरसम्मा बाकी. चौघींचा नियम मला ठाऊक होता, पण वाटलं, हा त्यांचा आपसातला काहीतरी गमतीचा कारभार असेल. नेमकं त्याच दिवशी ग्रुपवर आलेल्या एका नव्या बाईंनी मला खोचकपणे विचारलं, "जिला शेवटच करता येत नाही तिची शिफारस कशाला करता?" माझं डोकं फिरलं. मी ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं आणि 'लेखिकेच्या वतीनं' म्हणून तो भाग टाकून दिला.

काय स्वागत झालं म्हणून सांगू! लाल बदामांच्या चित्रांचा नुसता पाऊस. लोक रडले, एकमेकांना पुढं पाठवलं, त्या खोचक बाईंनी माफी मागितली. मी दिवसभर माझीच पाठ थोपटत होते. अक्कांना मी लिहिलं, "बघा, सगळ्यांनी गार्गीला घरात घेतलं!" त्यांचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, भारावल्या असतील.

तिसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन कारखान्यात गेले. तीन नंबरच्या टेबलाला तिघीच होत्या. शेवटच्या टोकाला घड्या घातलेला माल साचून पडला होता. शमीमनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा दोरे कातरू लागली. अक्कांनी एक टॉवेल उजेडात धरला, खाली ठेवला, दुसरा घेतला. सुगलाबाई मला बाहेर नळापाशी घेऊन गेल्या.

"तुमास्नी म्हाईत न्हाय व्हय, बाई?"

मग त्यांनी मला सुजाताचं सगळं सांगितलं. मी ग्रुपवर टाकलेला भाग दुसऱ्या टेबलावरच्या एका मुलीनं जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवला होता. नरसम्मा पाणी पीत होती. तिनं तांब्या खाली ठेवला, आपली पिशवी उचलली आणि पाच नंबरच्या टेबलाला जाऊन उभी राहिली. तेव्हापासून अक्कांशी तिचं बोलणं बंद होतं, गल्लीतसुद्धा. तीस वर्षांचा शेजार होता तो.

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. पेढ्यांचा पुडा कुठं लपवावा ते कळेना. मी आत गेले आणि अक्कांची माफी मागितली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमच्या हातनं माल सुटला, बाई," त्या म्हणाल्या. "गठ्ठ्यात गेला, गाडीत गेला. आता कुठनं परत आणायचा?"

मी पाच नंबरच्या टेबलाकडे गेले. नरसम्मा उंच, सडपातळ, हात यंत्रासारखे चालत होते. मी जे काही पुटपुटले ते तिनं ऐकून घेतलं. मग गठ्ठ्याची दोरी आवळत म्हणाली, "टीचर, तुम्ही पेपर तपासायच्या आधी निकाल लावतेत का?"

मी नाही म्हणाले.

"सगळे लोक घेतले की तिला घरात," ती म्हणाली. "पुण्याचे घेतले, मुंबईचे घेतले. मी एकटीच बाहेर राहिली."

तिनं गाठ मारली आणि पुढचा गठ्ठा ओढला. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

त्यानंतर 'तीन नंबर टेबल' गप्प झालं. एक आठवडा, दोन आठवडे, महिना उलटला. ग्रुपला चैन पडेना. लेखिका परदेशात गेली, असं आधी ठरलं. मग तिला मालिकेवाल्यांनी लिहायला बोलावलं, असं ठरलं. मग कुणीतरी लिहिलं की ती बहुधा आपल्यात नाही, आणि बघता बघता हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. चित्र काढणारीनं कॅफेतल्या त्या रिकाम्या खुर्चीचं नवीन चित्र काढलं. एकीनं कथेचा पुढचा भाग स्वतःच लिहिला आणि त्यात गार्गीला मोटार-अपघातात मारून टाकलं. मी यातलं काहीच खोडू शकत नव्हते. अक्का धडधाकट होत्या, रोज टॉवेल तपासत होत्या, आणि त्यांच्या शेजारी राहणारी बाई त्यांच्याकडे बघत नव्हती. हे सगळं माझ्या एका बोटानं केलं होतं. शाळेतसुद्धा मी मुलांच्या चुका काढेनाशी झाले. मुलांना वाटलं, बाई आजारी आहेत.

मग एका दुपारी सुगलाबाईंचा फोन आला. "बाई, नरसम्मा माघारी आली बघा टेबलावर. छुट्टीच्या टायमाला या की."

मी रिक्षानं गेटवर पोचले तेव्हा छुट्टी होत होती. सायकली, मोटारसायकली, डबे, उन्हाचा कडाका. अक्का बाहेर आल्या आणि मला बाजूला घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, एरवीही कळत नाही.

झालं होतं असं. आदल्या आठवड्यात नरसम्मा आपणहून तीन नंबरला आली, आपल्या टोकाला उभी राहिली आणि म्हणाली, तो भाग वाच. अक्कांनी फोन काढून वाचला. नरसम्मानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "चूक आहे सगळं. माझी पोरगी दार वाजवत नाही. खिडकीतनं हाक मारते. आणि मी रडत नाही."

"माझी पोरगी, म्हणाली," अक्का म्हणाल्या. "सात वर्षांनी म्हणाली, बाई. शमीमच्या हातातली कात्री पडली."

अक्का तिला म्हणाल्या, बरं, मी दुरुस्त करते. नरसम्मा म्हणाली, "तू नको. मी बघते." आणि सुट्टीच्या दिवशी एसटीत बसून मोहोळला गेली. तिथं काय झालं ते अक्कांनाही माहीत नव्हतं. पण आज सुजाता आईला न्यायला गेटवर आली होती. मी वळून बघितलं. पलीकडे लिंबाच्या सावलीत तिशीतली एक बाई उभी होती, बोटाला तीनेक वर्षांची मुलगी.

मी जित्याची खोड असलेली बाई. माझ्या तोंडून गेलंच, "अक्का, आता तो भाग नीट करून टाकता ना? लोक वाट बघतायत."

"कशाला?" अक्कांनी अगदी खरोखरचं आश्चर्य वाटून विचारलं. "पोचली की ती."

तर अशी ही शिफारस. कथा अपूर्ण आहे, आणि ग्रुपवर असलेला तिचा शेवटचा भाग चुकीचा आहे. त्याच्या खाली चौघींचं सरे नाही. शुद्धलेखन तेवढं बिनचूक आहे, ते माझं. तरीही सुरुवात तिथूनच करा, पाचव्या ताटापासून. घाई करू नका. गार्गी सात रस्त्यावर उभी असेल तितका वेळ तुम्हीही उभे राहा. आणि लेखिका वारली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या गेटवर आणि ती ठणठणीत होती.

नरसम्मा गेटमधून बाहेर आली. मुलीला बघून तिनं मिठीबिठी काही मारली नाही. ती सरळ बोलायलाच लागली, मोठ्यानं, हातवारे करत, चालता चालता. सुजाता मुलीला घेऊन तिच्या शेजारून चालत होती. आम्ही दोघी चार पावलं मागं. इतकी वर्षं सोलापुरात काढून मला तेलुगू येतं ते भाजी घेण्यापुरतं. मी अक्कांना विचारलं, काय म्हणतेय?

"म्हणते, हाडं दिसायलीत तुझी," अक्का सांगू लागल्या. "म्हणते, लेकराच्या डोक्यावर टोपी नाही, एवढ्या उन्हात आणलीस. म्हणते, मोहोळला पाणी खारट असतंय का, केस बघ केवढेसे राहिलेत. म्हणते, सात वर्षं आली नाहीस." नरसम्माचा आवाज आणखी चढला. "म्हणते, मी दार लावलं होतं. खिडकी लावली होती का?"

तेव्हा सुजाता बोलली. थोडंसंच, चार-पाच शब्द, खालच्या आवाजात. नरसम्मा भर रस्त्यात थांबली. मागून येणाऱ्या सायकलींनी घंट्या वाजवल्या आणि तिला वळसा घालून पुढं गेल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

अक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला.

"ते त्यांच्या घरातलं आहे, बाई."

नरसम्मानं नातीला कडेवर घेतलं, तिच्या डोक्यावर आपला पदर ओढला आणि चालू लागली. अक्का माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्या मायलेकी रिक्षात बसेपर्यंत आम्ही दोघी तिथंच थांबलो.